सहा तारांचे वायरमन

धारूरला माझी बदली झाली तेव्हा सामानात एक गिटार होती आणि ती मी कुणाला दाखवत नव्हते. गुरांच्या डॉक्टरनं गिटार वाजवू नये असा काही नियम नाही. पण नव्या गावात पहिल्या महिन्यात लोकांनी आपल्याला कशावरून ओळखावं, याचा थोडा विचार करावा लागतो. शिवाय मी गिटार वाजवत होते असं म्हणणंही जरा जास्तच झालं असतं. परभणीला शिकत असताना वसतिगृहात चार गाणी शिकले होते. दवाखान्यातून आलं, हातपाय धुतले, की खिडक्या लावून घ्यायच्या आणि त्या चार गाण्यांवरून हात फिरवायचा. पाचवं गाणं कधी आलंच नाही.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात एक उंच, वाळलेले गृहस्थ उभे. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, अंगात पांढरा सदरा, खाली खाकी पँट आणि पँटच्या पट्ट्याला लटकवलेली पक्कड.

“मी वैजनाथअप्पा. भिंतीपल्याडचा,” ते म्हणाले. “तीन दिवस ऐकतोय. म्हनलं, कुनी आजारी हाय का.”

“नाही हो. गिटार आहे ती.”

“ते कळलं. तिलाच काय झालंय, ते इचारायला आलो.”

म्हणजे अप्पांची ओळख आधी माझ्याशी झालीच नाही, गिटारीशी झाली. पुढची चार वर्षं तेच राहिलं. गल्लीत गाठ पडली की आधी “कशी हाय ती?” आणि मग, अगदीच बरं दिसत नाही म्हणून, “आन् तुमी?”

अप्पा लाइट ऑफिसातून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते. खाकी पँट मात्र निवृत्त झाली नव्हती आणि पक्कडही नाही. लग्नाला जाताना ते इस्त्रीचा सदरा घालायचे, खांद्यावर उपरणं टाकायचे आणि कमरेला पक्कड लावायचे. महानंदाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आयुष्यभर या पक्कडीशी भांडण केलं आणि शेवटी सोडून दिलं. “सवत हाय ती माझी,” असं काकू मला पहिल्याच भेटीत शांतपणे म्हणाल्या होत्या.

अप्पांना कुठलंही वाद्य येत नव्हतं. पण कान असा होता की गल्लीतल्या डीपीची घरघर ऐकून ते घरात बसल्या बसल्या सांगायचे, “एक फेज गेलाय. आता पाच मिन्टात सगळे बोंबलतील.” आणि बोंबलायचे. धारूरच्या डोंगरात, घाटाच्या चढावर खांब उभे करताना त्यांनी सगळी नोकरी काढली. खांब वाकू नये म्हणून एका बाजूनं जमिनीत रोवलेली जाड तार असते, तिला ते ताण म्हणत. तो ताण बरोबर बसला की नाही, हे बाकीचे वायरमन हातानं हलवून बघायचे. अप्पा त्यावर पक्कडीनं टिचकी मारायचे आणि ऐकायचे. ढिला असला की म्हणे तो ‘भद्द’ बोलतो आणि जास्त झाला की ‘चिरकतो’. मधला एक आवाज असतो, तो आला की काम झालं. तो आवाज कसा असतो असं मी एकदा विचारलं, तर अप्पा म्हणाले, “पोट भरलेल्या मान्सासारखा.”

तर हे गृहस्थ माझ्या खोलीत आले, चप्पल बाहेर काढली, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि मग गिटार मांडीवर घेतली. वाजवली नाही. नुसती एकेक तार अंगठ्यानं दाबून सोडली. मग खिशातून एक चुंबक काढलं. जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं काळं, जड चुंबक, ते सदैव त्यांच्या खिशात असे. ते तारांजवळ नेलं तशा सगळ्याच्या सगळ्या तारा चुंबकाकडे ओढल्या गेल्या.

“ह्या तारांचं पाकीट हाय का?”

पाकीट होतं. मी टाकाऊ वस्तू जपून ठेवणाऱ्यांपैकी आहे. अप्पांनी चष्मा लावून पाकिटावरचं एकेक अक्षर वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द वाचायला तेहतीस वर्षांची नोकरी त्यांच्या पाठीशी होती.

“इलेक्ट्रिक,” अप्पा म्हणाले. “म्याडम, तुमच्या गिटारीला मीटर कुठंय?”

मी दुकानात घाईत मागितल्या आणि दुकानदारानं घाईत दिल्या. विजेच्या गिटारीच्या तारा माझ्या साध्या, लाकडी, पोकळ गिटारीला दोन वर्षं लावलेल्या होत्या. त्या तारा चुंबकापाशी थरथरण्यासाठी केलेल्या असतात, पुढचं काम वीज करते. लाकडाला घुमवायचं बळ त्यांच्यात नसतं. हे मला माहीत नव्हतं. अप्पांनाही माहीत नव्हतं, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गिटार हातात घेतली होती. त्यांना पाच मिनिटांत समजलं.

“ह्यांना करंट लागतो,” ते म्हणाले. “तुमच्या पेटीत करंट न्हाई. मंग बिचारी मरतीय का न्हाई?”

दुसऱ्या रविवारी आम्ही अंबाजोगाईला तारा आणायला गेलो. माझं गाव तेच, त्यामुळे वाद्यांचं दुकान मला ठाऊक होतं. दुकानदाराला मात्र अप्पा ठाऊक नव्हते. त्यानं तीन पाकिटं समोर टाकली. अप्पांनी पिशवीतून एक गोल पत्रा काढला. त्याच्या कडेनं बारीक-मोठ्या खाचा कापलेल्या होत्या. वायरची जाडी मोजायचं हे त्यांचं नोकरीतलं साधन.

“फोडा,” अप्पा म्हणाले.

“काका, पाकीट फोडून दाखवत नसतात.”

“कावून?”

 दुकानदारानं एक नमुन्याचं फुटलेलं पाकीट कुठूनतरी शोधून दिलं. मग अप्पांनी खाचांमधून एकेक तार घालून काढली आणि दुकानदारालाच शिकवायला लागले. बारीक तार बोटाला सोपी, पण तिचा आवाज बारीक. जाड तार लाकडाला चांगली हलवते, पण ती गिटारीची मान ओढते. “आमच्या ह्या पोरीची मान म्हातारी हाय,” ते म्हणाले. दुकानदारानं दचकून माझ्या मानेकडे पाहिलं. “बारा नंबर लावला तर वाकंल. दहा लावला तर वरडनार न्हाई. अकरा द्या.”

मग प्रश्न धातूचा. एका पाकिटातल्या तारा पिवळ्या, दुसऱ्यातल्या तांबूस. दुकानदार म्हणाला, लोक रंग बघून घेतात. अप्पांनी दोन्ही घेतल्या आणि घरी आल्यावर आपल्या स्वयंपाकघरात मला प्रात्यक्षिक दाखवलं. पितळेची परात खाली ठेवून चमच्यानं वाजवली. मग तांब्याची कळशी वाजवली. मग पुन्हा परात.

“पितळ टाळी देतंय,” अप्पा म्हणाले. “तांबं बोलतंय. तुमाला कोन पायजे?”

“मला परात पायजे,” काकू मागून म्हणाल्या. “कणीक मळायचीय. ऐकलं का?”

‘ऐकलं का’ ही काकूंची नवऱ्याला हाक मारायची पद्धत होती. अप्पा तिला कधीच लगेच ओ देत नसत. काकू तीनदा म्हणायच्या, मग चमचा आपटायच्या. मला ते जुन्या संसारातलं कौतुक वाटायचं.

आम्ही तांबूस तारा लावल्या. लावताना अप्पांनी मला गिटारीला हात लावू दिला नाही, कारण मी नुकतंच भजं खाल्लं होतं. त्यांचा हा नियम कडक होता. गिटार वाजवायच्या आधी हात धुवायचे, वाजवून झाल्यावर प्रत्येक तार जुन्या धोतराच्या फडक्यानं वरून आणि खालूनही पुसायची. “वरून सगळेच पुसतात. घाम खाली लपतो,” असं म्हणत ते फडकं तारेखाली घालून दाढी केल्यासारखं ओढायचे. कधी मी कंटाळा केला तर त्यांना भिंतीपलीकडून कळायचं. कसं कळायचं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

नव्या तारा दर पाच मिनिटांनी उतरत होत्या. मी वैतागले. अप्पा म्हणाले, “नवी तार तीन दिवस खोटं बोलती. तिला वढा, सोडा, पुन्यांदा लावा. चौथ्या दिवशी खरं बोलंल.” चौथ्या दिवशी मी दवाखान्यातून येऊन पहिला झंकार मारला आणि हात तसाच थांबला. खोलीत कुणीतरी दुसरं आहे असं वाटलं. भिंतीपलीकडून अप्पांनी दोनदा टकटक केलं.

आता एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. अप्पांची तर सुरुवात झाली होती. मान थोडी वाकलेली होती, त्यामुळे तारा बोटापासून उंच राहत. मी म्हणाले, की गिटारीच्या मानेत आत एक सळई असते म्हणे, ती फिरवता येते. अप्पांचा चेहरा उजळला. “म्हंजे ताण,” ते म्हणाले. “एका अंगानं तारा वढतात, दुसऱ्या अंगानं ताण वढतो. मंग खांब सरळ. हे तर आमचंच काम.” त्यांनी ती सळई पाव फेरा फिरवली आणि गिटार माझ्याकडे न देता आपल्या कपाटात ठेवली. लाकडाला समजायला एक दिवस लागतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी अजून थोडी. तिसऱ्या दिवशी तारांखालून करवतीचं जुनं पातं सरकवून उंची बघितली आणि समाधानानं डोकं हलवलं. त्या तीन दिवसांत मी त्यांच्याकडे आजारी नातेवाइकाला भेटायला जावं तशी जाऊन येत होते.

मग आली घोडी. तारा जिच्यावरून जातात ती खालची बारीक पट्टी. माझ्या गिटारीची घोडी प्लास्टिकची होती. अप्पांनी ती काढून फरशीवर टाकली. ‘टप्’ असा आवाज आला.

“हे तर बटनाचं प्लास्टिक हाय,” ते म्हणाले. “सगळा आवाज ह्यातनं खाली उतरतो आन् हितंच कुनी झोपलेलं असंल, तर लाकडाला सांगनार कोन? चांगली कशाची असती?”

मी मोबाइलवर पाहिलं होतं. जराशी अडखळत म्हणाले, “हाडाची.”

अप्पांचा हात आपोआप सदऱ्याकडे गेला. आत गळ्यात इष्टलिंग होतं. त्यांच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नव्हतं.

“हाड न्हाई,” ते म्हणाले आणि उठून गेले.

दोन दिवस ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी चिंचेच्या लाकडाची एक सुबक घोडी घेऊन आले. आवाज गोड आला, पण गोधडीतून बोलल्यासारखा. मग एका जुन्या स्विचमधली पितळेची पट्टी घासून आणली. ती लावली तर भिंतीपलीकडून काकूच ओरडल्या, “ते बंद करा आधी.” अप्पांनी पितळ खिशात घातलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे दुःख होतं, ते मी एरवी औषध लागू न पडलेल्या म्हशीच्या मालकाच्या तोंडावर बघते.

पंधरा-वीस दिवसांनी मला डोंगरातल्या एका वस्तीवरून बोलावणं आलं. हरिभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या बैलाचं शिंग कलंडलं होतं, बैल सारखी मान झटकत होता. शिंगाचा कर्करोग. आमच्याकडे बैलांना होतो आणि वेळेवर शिंग काढलं तर बैल वाचतो. रस्ता अप्पांना माहीत होता, तिथले खांब त्यांनीच उभे केलेले. ते माझ्या गाडीवर मागे बसून आले.

हरिभाऊ त्यांच्या जुन्या ओळखीचा निघाला. “काय बे हरी, लाइट हाय का?” “तुमी गेल्यापासनं न्हाई,” असं त्यांचं सुरू होतं. मी बैलाला भूल दिली आणि पिशवीतून शिंग कापायची तार काढली. शिंग करवतीनं नाही कापत. पीळ दिलेली, खरबरीत अशी एक पोलादी तार असते, तिला दोन्हीकडून मुठी लावून मागेपुढे ओढायचं. अप्पांनी ती तार पाहिली मात्र, बोलणं थांबलं.

“ही कितीची हाय?” त्यांनी विचारलं. पत्रा पिशवीतून बाहेर आलेला होताच.

“अप्पा, आधी बैल.”

“व्हय, व्हय. आधी बैल.”

शिंग निघालं. मी जखम बांधली, इंजेक्शनं दिली, हरिभाऊला दहा सूचना केल्या. शिंग मातीत पडलं होतं. बुडाशी सडलेलं, पण टोकाकडे काळंभोर, भरीव, चकचकीत. अप्पा त्याच्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी बैलाकडे पाहिलं. बैल डोळे किलकिले करून उभा राहायच्या बेतात होता.

“हरी,” अप्पा हळूच म्हणाले, “बैल जगंल न्हवं?”

“म्याडम म्हनतात जगंल.”

“मंग हे जित्याचं झालं.”

“काय?”

“शिंग. जित्या जनावराचं हाय. कुनी मारलं न्हाई, मेलं न्हाई. मी नेऊ का?”

हरिभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी पट्टी आवळण्यात गुंतल्याचं दाखवलं. “न्या की. पर कावून?”

“वाजवायला.”

“लग्नात फुकायला?”

“तारंखाली,” अप्पा म्हणाले आणि शिंगाचं टोक उपरण्यात गुंडाळलं. एवढ्यावर हरिभाऊचं समाधान झालं नाही, हे पुढे कळायचं होतं.

ते शिंग अप्पांनी तीन वेळा उकळलं. चूल अंगणात मांडावी लागली, कारण काकूंनी घरात येऊ दिलं नाही. मग कानस, मग पॉलिश पेपर, खरखरीत, बारीक, त्याहून बारीक. आठ दिवस गल्लीत भुग्याचा एक उग्र वास होता. शेवटी जी काळी पट्टी तयार झाली ती त्यांनी फरशीवर टाकली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. ‘टिंग’ म्हणण्याइतकी ती काही वाजली नाही, पण झोपलेलीही नव्हती.

लावली. तार छेडली. आवाज कसा होता हे मला सांगता येत नाही. आधी तो गिटारीतून येत होता, आता गिटारीच्या मागून, जरा लांबून येत होता, एवढंच म्हणते.  अप्पा भिंतीला टेकून बसले आणि गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले.

पुढच्या आठवडी बाजाराला हरिभाऊ दारात हजर. बैल बरा होता. “माझं शिंग कुठंय?” त्यानं विचारलं. त्याला बसवलं, चहा दिला आणि मी माझ्या चार गाण्यांपैकी एक वाजवलं. तो मांडी घालून, टोपी गुडघ्यावर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

“चांगलं हाय,” तो उठताना म्हणाला. “पर आमचा बैल असा कधीच वरडला न्हाई.”

तेव्हापासून अप्पांना आसपासच्या, लांबच्याही गावांतून गिऱ्हाइकं यायला लागली. घाटनांदूरहून एक शिक्षक आले, कड्याहून कारखान्यातले एक कारकून गिटार शिवलेल्या पोत्यात घालून घेऊन आले. अप्पा प्रत्येकाला आधी हात धुवायला लावायचे. उन्हाळ्यात धारूरची हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकतं. त्यावर त्यांनी कपाटात गिटारीशेजारी पाण्याचं छोटं मडकं ठेवायचा उपाय काढला होता. काही जण तो ऐकून हसत. मे महिन्यात परत येत.

चौथ्या वर्षी अप्पांच्या डोक्यात आलं, की मठात सोमवारी संध्याकाळी भजन होतं त्यात मी गिटार वाजवावी. मी नाही म्हणत होते. चार गाण्यांपैकी एकही भजन नव्हतं. पण मला फक्त मागून सूर धरायचा होता, आणि अप्पांची हौस होती. भजनाच्या आधी दोन दिवस ते गिटारीच्या मागे लागले. नवा संच लावला. बाकी सगळं मनासारखं झालं, एक पहिली तार सोडून. पहिली, म्हणजे सगळ्यात खालची, बारीक.

“ही मेलेली हाय,” अप्पा म्हणाले.

दुसरी लावली. “हीबी मेलेली हाय. तेज न्हाई.” तिसरी लावली. मला ती छान वाजत होती, पण अप्पा म्हणतात म्हणजे असेल काहीतरी, असं मी धरून चालले. अप्पांच्या कानावर शंका घ्यावी असं मला त्या दिवसापर्यंत कधी वाटलेलं नव्हतं.

मठात मंडळी जमली. पेटी वाजवायला सिद्रामप्पा होते. वय सत्तरीच्या पुढे, पण पेटीवर हात तरणा. मी सूर लावायला घेतला. त्यांनी पेटीवर स्वर धरला, मी तारा जुळवल्या. पहिली तार वाजवली तसे अप्पा सगळ्यांदेखत पुढे झाले.

“थांबा. ती सोडून बाकीच्या वाजवा. ती मेलेली हाय.”

सिद्रामप्पांनी पेटीचा भाता थांबवला. “परत वाजवा,” ते मला म्हणाले. मी वाजवली. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

“अप्पा, चांगली वाजतीय की,” ते म्हणाले. “घंटीवानी.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले असते तर बरं झालं असतं. मी गिटारीकडे पाहिलं. टाळ घेऊन बसलेला एक जण म्हणाला, “वाजतीय, वाजतीय.” तो सहज म्हणाला, त्याच्या मनात काही नव्हतं. अप्पा मागे सरकून खांबाशी जाऊन बसले. भजन झालं. लोकांना आवडलं म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. हातात आदल्या दोन दिवसांत काढून टाकलेल्या दोन पहिल्या तारा, वेटोळं करून दोऱ्यानं बांधलेल्या. माझ्या समोर त्यांनी गिटारीवरची तार काढली, यातली एक लावली आणि छेडली.

“ही वाजती का? खरं सांग, माय.”

चार वर्षांत त्यांनी मला ‘तुमी’ सोडून कधी हाक मारली नव्हती.

“वाजते अप्पा.”

दुसरी लावली. “ही?”

“हीसुद्धा.”

“तेज हाय?”

“आहे.”

त्यांनी ती तार हळूच काढून वेटोळ्यात परत ठेवली. मग म्हणाले, “म्हंजे तारा जित्या होत्या. मी उगं बिचाऱ्यांना काढून टाकलं.”

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, “दोन वर्सं झाली मी सांगतीय.” त्या रोज तीनदा हाक मारत होत्या, आणि मी त्याला कौतुक समजत होते.

मी त्यांना अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे काचेची एक छोटी खोली असते. आत बसायचं, कानाला यंत्र लावायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. पलीकडे बाई बसून आवाज सोडतात. अप्पांनी पहिल्या फेरीत प्रत्येक वेळी बटण बरोबर दाबलं. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की अप्पा काचेतून त्यांच्या बोटाकडे बघत होते. त्यांनी खुर्ची वळवून बसवली. दुसऱ्या फेरीत अप्पा बराच वेळ नुसते बसून होते.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. सुरुवातीला सरळ जाते आणि पुढे घाटासारखी खाली उतरते. ऐकू येतं, पण वरचे, बारीक, चमकदार आवाज गेलेत, असं ते म्हणाले. तार वाजलेली कळेल, तिची झिलई कळणार नाही. अप्पांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला.

“जाड तीन तारा येतील?” त्यांनी विचारलं.

“कसल्या तारा?” डॉक्टर म्हणाले.

“जाऊ द्या,” अप्पा म्हणाले.

कानातलं यंत्र घेतलं. ते त्यांनी आठ दिवस लावलं आणि मग तारांच्या डब्यात ठेवून दिलं. “त्यात सगळंच ऐकू येतं,” ते म्हणाले. “फॅन, भांडी, कुत्री. आमाला तेवढं नको.” काकूंचं म्हणणं वेगळं होतं. त्यात काकू ऐकू येत होत्या, ही खरी अडचण आहे, असं त्या म्हणायच्या.

गिऱ्हाइकांना मात्र ते नाही म्हणायला लागले. पोतं घेऊन आलेल्या माणसाला दारातूनच सांगायचे, “आता मला जमत न्हाई.” मी एकदा म्हणाले, मी ऐकते, तुम्ही करा. त्यांनी मान हलवली. “दुसऱ्याच्या कानानं ताण बसत न्हाई, माय.”

त्याच वर्षी माझी कड्याला बदली झाली. निघताना त्यांनी गिटारीच्या तारा स्वतः अर्धा सूर उतरवून दिल्या, गाडीत हिसके बसतात म्हणून. जाड तीन त्यांनी उतरवल्या, बारीक तीन मला उतरवायला सांगितल्या आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

पुढे सात-आठ महिन्यांनी धारूरला एका बैठकीला जाणं झालं. दुपारी बैठक सुटल्यावर गल्लीत गेले. ओसरीवर काकू लसूण सोलत होत्या. अप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर कुणाचीतरी निळी गिटार होती. पण बसण्याची तऱ्हा काहीतरी वेगळीच. मान खाली घालून त्यांनी गिटारीचा वरचा काठ दातांत धरला होता. उसाचं कांडं धरावं तसा. डोळे मिटलेले.

मी काकूंकडे पाहिलं.

“दोन महिने झाले हे सुरू हाय,” काकू म्हणाल्या. “दातातनं ऐकू येतं म्हनतात. कुनी शिकवलं न्हाई, त्यांचं त्यांनाच घावलं. परवा तुमचे घाटनांदूरचे मास्तर दोन गिटारी ठेवून गेले.” मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, “दात घासून धरतात. लोकाची वस्तू हाय म्हनून.”

“अप्पा,” मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नाही. बहुतेक पायरीवर सावली पडली म्हणून त्यांनी एक डोळा उघडला. मला ओळखलं. डोळ्याच्या कडेला सुरकुत्या गोळा झाल्या. पण तोंडात गिटार होती, बोलणार कसे? त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं, थांबा म्हणून. उजव्या अंगठ्यानं पहिली तार छेडली.

मी चपला हातात घेऊन पायरीवर उभी राहिले. काकूंची लसूण सोलणारी बोटं थांबली. तार वाजत वाजत बारीक होत गेली, माझ्या कानाला संपलीसुद्धा. अप्पांचं बोट अजून वरच होतं.